वाचकांचे प्रश्न : एका नॅनोसेकंदाचे क्ष-किरण

मागच्या अंकात मी लेसरच्या माऱ्यानं धातूचा प्लाझ्मा कसा होतो आणि त्यातून क्ष-किरण कसे निघतात, यावर लिहिलं होतं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा तुकडा ठेवायचा आणि १० जूल ऊर्जेचा लेसरचा झोत केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर आणायचा. १० जूल म्हणजे एक किलोचं वजन मीटरभर उचलायला लागते साधारण तेवढीच ऊर्जा. पण ती एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात, दिली की तेवढ्या क्षणापुरती शक्ती १,००० कोटी वॅट होते. त्या ठिपक्यातला धातू वितळत बसत नाही. अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, सगळ्याचा लाखो अंशांचा प्लाझ्मा होतो आणि तो क्ष-किरणांत लखलखतो. लेसर थांबला की लखलखाटही जवळजवळ लगेच विझतो.

हे क्ष-किरण मोजायचं काम मी एका प्रयोगशाळेत २२ वर्षं केलं. आता बेळगावच्या शहापुरात माहेरच्या घरी राहते. पत्रं बरीच आली, त्यातली पाच घेते.

"ताई, मी उद्यमबागेत फौंड्रीत भट्टीवर आहे. लोखंडाचा रस झाला की नाही ते आम्ही आधी रंगावरनं ओळखतो, मग पायरोमीटर लावतो. १,४०० डिग्रीच्या पुढं आमची सगळी कसरत. तुम्ही लाखो डिग्री म्हणता, आणि ते पण डोळा लवायच्या आत संपतं. मोजता कशानं वो? काहीही लावलं तरी वितळून जाईल की."

दादा, तुम्ही करता तेच आम्ही करतो. रंग बघतो.

लोखंड तापत जातं तसं आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरं दिसतं. जितकी उष्णता जास्त तितका प्रकाश निळ्याच्या बाजूला सरकतो. तसंच पुढं नेलं तर निळ्याच्या पलीकडं अतिनील आणि त्याच्याही पलीकडं क्ष-किरण. प्लाझ्माचं तापमान ५० लाख अंशांवर गेलं की त्याचा बहुतेक उजेड क्ष-किरणांतच असतो आणि तिथं आपले डोळे आंधळे. म्हणून क्ष-किरणांचा 'रंग' ओळखायची युक्ती लागते, आणि ती युक्ती म्हणजे पत्रा.

तुमच्याकडं दोन-रंगी पायरोमीटर असेल तर तो दोन वेगळ्या रंगांत किती उजेड येतो ते बघतो आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून तापमान काढतो. मध्ये धूर आला तरी तो दोन्ही रंगांना साधारण सारखाच अडवतो, त्यामुळं गुणोत्तर फारसं बिघडत नाही. आम्ही दोन डिटेक्टर, म्हणजे क्ष-किरण पडले की विजेचा संकेत देणारी साधनं, शेजारी शेजारी ठेवतो. एकासमोर अ‍ॅल्युमिनियमची पातळ पत्री, दुसऱ्यासमोर तिच्या दुपटी-तिपटीनं जाड. प्लाझ्मा जितका गरम, तितके त्याचे क्ष-किरण भेदक, आणि तितके जास्त जाड पत्रीतून पार जातात. जाड पत्रीमागचा संकेत आणि पातळ पत्रीमागचा संकेत यांचं गुणोत्तर काढलं की तापमानाचा अंदाज मिळतो. प्लाझ्माला काहीही चिकटवावं लागत नाही. तो विझून जातो, आपल्याकडं गुणोत्तर राहतं.

हे सांगायला सोपं आहे, करताना बोटं भाजतात. धातू स्वतःच्या खास रेषांमध्येही, म्हणजे ठराविक ऊर्जांवर, क्ष-किरण टाकतो, आणि त्या रेषा गुणोत्तरात घुसल्या की तापमान चुकतं. पत्रीचाही स्वभाव असतो. अ‍ॅल्युमिनियमची पत्री १,५६० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे क्ष-किरणांची ऊर्जा मोजायचं माप) जरा खालचे क्ष-किरण बऱ्यापैकी सोडते आणि त्याच्या जरा वरचे एकदम अडवते. म्हणून समोर कुठला धातू जाळतोय ते बघून पत्री निवडायची.

आणि छिद्रं! या पत्र्या स्वयंपाकघरातल्या फॉइलपेक्षा पातळ असतात आणि त्यांना सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात. त्यातून लेसरचा विखुरलेला उजेड आत शिरतो, सिलिकॉनचा डिटेक्टर तोही मोजतो आणि आपण त्याला क्ष-किरण समजतो. मी प्रत्येक पत्री अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरून बघत असे. एका जाड पत्रीपेक्षा दोन पातळ पत्र्या एकावर एक ठेवाव्यात, म्हणजे एकीच्या छिद्रावर दुसरीचा धड भाग येतो. माझे वडील हातमागावर बसायचे. विणलेलं लुगडं उन्हाकडं धरून तुटलेला धागा शोधायची त्यांची सवय मला अशी उपयोगी पडली.

"माझ्या मुलाला लेसरच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी प्रवेश मिळालाय. क्ष-किरण म्हटल्यावर घरात सगळ्यांना धास्ती वाटते. काही होणार नाही ना?" — एक आई, चिकोडी

वहिनी, धास्ती चुकीच्या गोष्टीची घेताय. अशा प्लाझ्मातले बहुतेक क्ष-किरण इतके मऊ असतात की १,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण साध्या हवेत काही मिलिमीटरमध्ये संपतो, पोलादी पेटीतून बाहेर यायचा प्रश्नच नाही. फार तीव्र, फेम्टोसेकंदाच्या (नॅनोसेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या) लेसरांवर मात्र भेदक क्ष-किरण तयार होतात. तिथं शिसं आणि काँक्रीटच्या भिंती असतात, छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावायचा असतो. तो बिल्ला खिशात किंवा कपाटात राहता कामा नये, एवढं त्याला बजावा.

खरी भीती डोळ्यांना आणि विजेला. हा लेसर बहुधा १.०६ मायक्रॉनचा असतो, दिसत नाही, आणि सरळ डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसतो. लेसर अडवणाऱ्या खास चष्म्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लेसरचे दिवे पेटवणारे, वीज साठवणारे कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहू शकतात, अर्थिंगची काठी लावल्याशिवाय हात घालायचा नाही. या दोन गोष्टी पाळल्या तर तो सुखरूप राहील.

"मॅडम, मी खानापूरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर १०० मेगाहर्ट्झ लिहिलंय. त्यावर एका नॅनोसेकंदाचं स्पंदन दिसेल का? आणि अल्ट्राफास्ट डिटेक्टर म्हणजे नक्की किती जलद? दहावीपर्यंत मराठीत शिकले, ही सगळी भाषा इंग्रजीतच कळते असं सगळे म्हणतात."

मीही दहावीपर्यंत मराठीतच शिकले, तेव्हा आपण मराठीतच बोलू.

स्पंदन दिसेल, पण ते त्या स्पंदनाचं खरं रूप नसेल. प्रत्येक यंत्राला वर चढायला स्वतःचा वेळ लागतो. त्याला आपण 'चढवेळ' म्हणू. ऑसिलोस्कोपसाठी, म्हणजे विजेचा संकेत पडद्यावर रेषेनं दाखवणाऱ्या यंत्रासाठी, साधा हिशेब असा : ०.३५ ला बँडविड्थनं, म्हणजे त्यावर लिहिलेल्या हर्ट्झच्या आकड्यानं, भागायचं. १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, ५०० मेगाहर्ट्झला ०.७, एका गिगाहर्ट्झला ०.३५. म्हणजे एका नॅनोसेकंदाचं स्पंदन तुझ्या स्कोपवर ठेंगणं आणि रुंद दिसेल, आणि ती रुंदी स्कोपची असेल, प्लाझ्माची नव्हे.

डिटेक्टरचंही तसंच. सिलिकॉनच्या पिन डायोडचा आकार मोठा असला की त्याची धारकता, म्हणजे वीज साठवून धरायची क्षमता, जास्त. १० पिकोफॅरड धारकता आणि ५० ओहमचा रोध यांचा गुणाकार अर्धा नॅनोसेकंद येतो, आणि चढवेळ त्याच्या २.२ पट, म्हणजे १.१ नॅनोसेकंद. म्हणून जलद डिटेक्टर बारीक करावा लागतो, आणि बारीक केला की त्याच्यावर क्ष-किरण कमी पडतात. ही ओढाताण कधीच संपत नाही. याहून जलद म्हणजे निर्वात डायोड. सोन्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर क्ष-किरण आदळतात, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरची जाळी त्यांना ओढून घेते. अंतर कमी, व्होल्टेज जास्त, म्हणून १०० पिकोसेकंदांच्या (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा हिस्सा) आसपासची घडामोड पकडता येते. हिऱ्याचा डिटेक्टरही त्याच पंगतीतला, आणि तो माझा आवडता. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, हिऱ्यात ५.५ लागतात. आपल्या लेसरच्या एका फोटॉनात १.१७ असतात. सिलिकॉनला लेसरचा उजेड दिसतो, हिऱ्याला दिसत नाही. पत्रीत छिद्र असलं तरी तो फसत नाही.

आता खरी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि जी तू आत्ताच वहीत लिहून ठेवावीस. पडद्यावर जो चढ दिसतो तो सगळ्या साखळीचा मिळून असतो. स्रोत (म्हणजे प्लाझ्मा), डिटेक्टर, स्कोप यांचे चढवेळ सरळ मिळवायचे नसतात, त्यांचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. समज स्रोताचा चढवेळ ०.५ नॅनोसेकंद, डिटेक्टरचा ०.६, स्कोपचा ०.७. वर्ग ०.२५, ०.३६, ०.४९. बेरीज १.१. वर्गमूळ साधारण १.०५. पडद्यावर दिसणार १.०५ आणि खरं आहे त्याच्या निम्म्याहून कमी.

तू म्हणशील, मग उलटं गणित करून खरं काढू. काढता येतं. पण बघ काय होतं. तू १.०५ च्या जागी १.०० वाचलंस, म्हणजे फक्त पाच टक्क्यांची चूक. मग उत्तर ०.५ ऐवजी ०.३९ येतं. ०.९५ वाचलंस तर ०.२३, म्हणजे उत्तर निम्म्याहूनही खाली. वाचनातल्या बारक्या चुकीचा उत्तरात असा डोंगर होतो. यंत्र स्रोतापेक्षा मंद असेल तर गणित कितीही चोख करा, आकडा हातात ठरत नाही. म्हणून यंत्र जलद हवं, मोठेपणासाठी नव्हे.

केबलचं सांगते, कारण तिनं माझे चार दिवस घेतले. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. अ‍ॅल्युमिनियमवर शॉट, म्हणजे लेसरचा एकेक मारा, घेत होतो. पहिल्या शिखरानंतर बरोबर ३० नॅनोसेकंदांनी दुसरं, लहान शिखर यायला लागलं, आणि त्याच्याहीनंतर तिसरं, आणखी लहान. मला वाटलं प्लाझ्मा पसरून कशावर तरी आदळतोय आणि पुन्हा क्ष-किरण निघताहेत. वहीत तसं लिहिलं, चित्रं काढली, रात्री झोप आली नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्या कामासाठी कुणी तरी माझी तीन मीटरची केबल नेली. मी दोन मीटरची जोडली, आणि दुसरं शिखर २० नॅनोसेकंदांवर आलं. साध्या कोअ‍ॅक्सिअल केबलमधून संकेत एका मीटरला पाच नॅनोसेकंद घेतो. तीन मीटर जाऊन-येऊन ३०, दोन मीटर जाऊन-येऊन २०. स्कोपच्या तोंडाशी संकेत जिरवायला ५० ओहमचा जो टर्मिनेटर लावलेला होता त्याचा स्पर्श सैल होता. संकेत तिथून परत फिरत होता, डिटेक्टरकडून पुन्हा उलटत होता. प्लाझ्माचा त्यात काही संबंध नव्हता. मी चारही दिवसांची पानं फाडली नाहीत, त्यांच्यावर तारीख घालून कारण लिहिलं.

त्यानंतर दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. रोज सकाळी केबल बदलून एक शॉट. आणि एक 'आंधळा' शॉट : डिटेक्टरसमोर शिशाचा जाड तुकडा ठेवून लेसर मारायचा. क्ष-किरण आत जाऊच शकत नाहीत, तरी पडद्यावर जे हलतं ते सगळं विजेचं. प्लाझ्मा होतो तेव्हा आसपासच्या तारांमध्ये भलताच गोंगाट होतो, लेसरच्या दिव्यांचे कपॅसिटर रिकामे होतात त्याचाही होतो. म्हणून स्कोप धातूच्या जाळीच्या खोलीत ठेवतात.

तुला कॉलेजमध्ये हे आजच करता येईल. १० मीटर साधी ५० ओहमची केबल घे, सिग्नल जनरेटरची एक मेगाहर्ट्झची चौकोनी लहर टी-जोडणीनं स्कोपला आणि केबलला दे. केबलचं दुसरं टोक उघडं ठेव : पायरी आधी अर्धी चढेल आणि १०० नॅनोसेकंदांनी पूर्ण होईल. टोक शॉर्ट कर : १०० नॅनोसेकंदांनी पायरी कोसळेल. ५० ओहम लाव : अर्ध्यावर सपाट राहील. तुझा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप याला पुरून उरतो. हे तीन आकार एकदा डोळ्यात बसले की कुठल्याही प्रयोगशाळेत जा, केबल तुला फसवणार नाही.

"स्ट्रीक कॅमेरा पिकोसेकंद मोजतो असं आपण एका ओळीत लिहिलंत. आठवीच्या मुलांना कसं सांगू?" — शिक्षक, निपाणी

गुरुजी, मुलांना अंगणात न्या आणि पाण्याचा पाइप हातात द्या. पाइप स्थिर धरला तर सगळं पाणी एकाच जागी पडतं, कधी पडलं ते कळत नाही. आता पाइप डावीकडून उजवीकडं झपकन फिरवायला सांगा. आधी निघालेलं पाणी डावीकडं, नंतरचं उजवीकडं. मध्ये कुणी नळ क्षणभर पिळून धरला तर जमिनीवर त्या जागी कोरडा पट्टा राहील. पाणी कधी किती होतं ते आता जमिनीवर लांबीत लिहिलेलं आहे. सकाळी सडा घालणाऱ्या बाईच्या हातालाही हे ठाऊक असतं.

कॅमेऱ्यात पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन. क्ष-किरण एका अरुंद फटीतून सोन्याच्या किंवा सिझियम आयोडाइडच्या पातळ थरावर पडतात, तिथून इलेक्ट्रॉन निघतात, आणि दोन पट्ट्यांमधलं झपाट्यानं वाढणारं व्होल्टेज त्यांना पाइपसारखं वळवतं. ते चमकणाऱ्या पडद्यावर आदळतात. एक नॅनोसेकंद २० मिलिमीटरवर पसरला आणि फटीची प्रतिमा ०.१ मिलिमीटर रुंद असली, तर ५ पिकोसेकंद वेगळे ओळखता येतात. पाच पिकोसेकंदांत प्रकाश स्वतः दीड मिलिमीटर जातो. हा आकडा फळ्यावर लिहा आणि पट्टीवर दाखवा, मुलं गप्प होतील.

मुलांपैकी कुणी तरी विचारेलच की मग आणखी झपकन का नाही फिरवत. फिरवता येतं, पण थरातून सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेगानं निघत नाहीत. काही मंद असतात, ते वाटेत मागं पडतात, आणि एकाच क्षणी जन्मलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर वेगवेगळ्या जागी पोचतात. सोन्यापेक्षा सिझियम आयोडाइडमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे वेग एकमेकांच्या जवळ असतात, शिवाय ते संख्येनंही जास्त निघतात. पण त्याला ओल सोसत नाही. आपल्याकडच्यासारखा पावसाळा असेल तर ते थर सिलिका जेल घालून बंद डब्यात जपावे लागतात. फार क्ष-किरण पडले तरी पंचाईत होते, कारण इलेक्ट्रॉनांची गर्दी झाली की ते एकमेकांना ढकलतात आणि रेष फिसकटते. आणि हात फिरवायला सुरुवात नेमकी पाणी यायच्या क्षणी व्हायला हवी. त्यासाठी लेसरचाच थोडा उजेड आधी काढून कॅमेऱ्याला इशारा देतात. प्रकाशाला ३० सेंटिमीटरला एक नॅनोसेकंद लागतो, त्यामुळं आरसा वीतभर सरकवला तरी सगळं वेळापत्रक बदलतं.

"आमचे आजोबा संकेश्वरला कल्हईचं काम करायचे. आता ते काम उरलं नाही. तुमच्या लेखात कथलाचा उल्लेख वाचून बरं वाटलं. पण या क्ष-किरणांचा माणसाला उपयोग काय?"

कथील गेलेलं नाही, भाऊ. ते फार बारीक कामाला लागलंय.

आजच्या सर्वांत बारीक संगणक-चिपा ज्या उजेडानं छापतात, तो १३.५ नॅनोमीटरचा, मऊ क्ष-किरणांच्या अगदी उंबरठ्यावरचा. तो लेसरनं तयार केलेल्या कथलाच्या प्लाझ्मातून येतो. वितळलेल्या कथलाचे थेंब, केसाहूनही बारीक, सेकंदाला सुमारे ५०,००० या गतीनं सोडतात. प्रत्येक थेंबावर आधी एक हलका लेसर मारून तो चपटा करतात, मग कार्बन डायऑक्साइडच्या लेसरचा मोठा तडाखा. हवेत हा उजेड टिकत नाही, काचेच्या भिंगातूनही जात नाही, म्हणून मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या थरांचे आरसे वापरावे लागतात, आणि तेही प्रत्येक वेळी ३० टक्क्यांच्या आसपास उजेड खातात. थेंब नेमका कधी आणि किती उजळला हे कळल्याशिवाय हा संसार चालत नाही.

दुसरा उपयोग अजून वाटेवर आहे : संमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रं एकत्र आणून, ऊर्जा मिळवायची. अमेरिकेतल्या लिव्हरमोर इथं १९२ लेसर झोत सोन्याच्या छोट्या डबीत सोडतात. डबीच्या आतल्या भिंती क्ष-किरणांत उजळतात आणि ते क्ष-किरण हायड्रोजनच्या समस्थानिकांची गोळी दाबतात. ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाजूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाजूल संमीलनाची ऊर्जा मिळाली. लेसर चालवायला भिंतीतून घेतलेली वीज याच्या कितीतरी पट, सुमारे ३०० मेगाजूल होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. डबी आतून किती तापली हे तिथं 'दांते' नावाचं यंत्र मोजतं. त्याला १८ वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर एक पत्री आणि तिच्यामागं एक निर्वात डायोड.

तुमच्या आजोबांचं काम मी लहानपणी शहापूरच्या गल्लीत बसून बघितलंय. नवसागराचा पांढरा धूर, मग कापसाचा बोळा, आणि पितळेच्या पातेल्यावर एका हिसड्यात पसरणारी चांदीसारखी चकाकी. कथील २३२ अंशांवर वितळतं. पातेलं पुरेसं तापलं की नाही हे तो माणूस कशाचाही आधार न घेता, पातेल्याचा रंग बघून ठरवायचा. आजोबांनी ते कसं ओळखायचं याबद्दल घरात कुणाला काही आठवत असेल, तर मला जरूर लिहून पाठवा.